तोट्यातील नाटकाचे अक्षय धन

व्यवहारात प्रत्येक उपक्रमाचा हिशेब कधी ना कधी पूर्ण करावा लागतो. जमेची आणि खर्चाची बाजू समोरासमोर मांडली, की नफा झाला की तोटा, या प्रश्नाचे उत्तर कागदावर उमटते आणि त्यावरून त्या उपक्रमाचे यशापयश ठरते. व्यापाराला हा न्याय योग्यच आहे. कलेच्या क्षेत्रात मात्र वर्षअखेरीचा ताळेबंद हा अंतिम निर्णय असतोच असे नाही. कधी कधी सर्व खाती बंद झाल्यानंतर, उपक्रमातील एखादी बारीकशी नोंद पुढे वर्षानुवर्षे वाढत जाते आणि तीच त्या उपक्रमाची खरी मिळकत ठरते.

६ जानेवारी १९४० रोजी न्यूयॉर्कच्या ॲल्व्हिन थिएटरमध्ये 'व्हेरी वॉर्म फॉर मे' या संगीत नाटकाचा शेवटचा प्रयोग झाला. १७ नोव्हेंबर १९३९ रोजी वर गेलेला पडदा अवघ्या ५९ प्रयोगांनंतर कायमचा खाली आला. अमेरिकन व्यावसायिक रंगभूमीच्या, म्हणजे ब्रॉडवेच्या, हिशेबाने हे उघड अपयश होते. आज त्या नाटकाचे कथानक रंगभूमीच्या अभ्यासकांखेरीज फारसे कोणाला ठाऊक नाही. परंतु त्यातील एक प्रेमगीत, 'ऑल द थिंग्ज यू आर', हे मात्र आठ दशके उलटून गेल्यावरही जगभरातील गायक आणि वादक त्याच आवडीने सादर करीत आहेत.

मराठी रसिकांना या प्रकारचे फारसे नवल वाटू नये. इंदूर असो, वडोदरा असो की हैदराबाद, शास्त्रीय गायनाची मैफल रंगली की श्रोत्यांतून नाट्यपदाची फर्माईश येतेच. ते पद कोणत्या नाटकातील, कोणत्या प्रवेशातील, याची आठवण अनेकांना नसते. पण पद ओठांवर असते. नाटक मागे पडते आणि पद पुढे चालत राहते. तथापि आपल्याकडील गाजलेल्या नाट्यपदांपैकी कित्येकांच्या मागे नाटकाचे घवघवीत यशही उभे होते. या अमेरिकन गीताला तो आधारही नव्हता. मग ते टिकले कसे?

दोन मातब्बर, एक अपयश

या गीताचे संगीतकार जेरोम कर्न (१८८५–१९४५) आणि गीतकार ऑस्कर हॅमरस्टाइन (१८९५–१९६०) ही नावे अमेरिकन संगीत नाटकाच्या इतिहासात अग्रक्रमाने घेतली जातात. २७ डिसेंबर १९२७ रोजी रंगमंचावर आलेल्या त्यांच्या 'शो बोट' या नाटकाने त्या रंगभूमीचे वळणच बदलले. केवळ नाच, विनोद आणि सुटी सुटी गाणी यांची मांडणी न करता, गंभीर कथानक आणि त्यातून उगवणारी गीते हा आदर्श या नाटकाने घालून दिला.

परंतु १९३९ साल उजाडले तेव्हा दोघांचेही दिवस फारसे अनुकूल नव्हते. कर्न हॉलिवूडमध्ये स्थायिक झाले होते. चित्रपटगीतासाठी १९३६ सालचे ऑस्कर पारितोषिक त्यांच्या 'द वे यू लुक टुनाइट' या गीताला लाभले होते. पण १९३७ मध्ये हृदयविकाराच्या झटक्याने त्यांना दीर्घकाळ अंथरुणाला खिळवले. हॅमरस्टाइन यांची अवस्था निराळी, पण तितकीच बिकट होती. १९३२ च्या 'म्युझिक इन द एअर' नंतर त्यांची नाटके एकामागून एक अल्पायुषी ठरत होती. चित्रपटसृष्टीतील नोकरीतही त्यांना समाधान नव्हते. अशा वेळी जुन्या दोन सहकाऱ्यांनी ब्रॉडवेवर पुन्हा पाऊल ठेवावे, यात पैशाइतकाच प्रतिष्ठेचाही प्रश्न गुंतलेला होता.

नाटकाच्या नावात एक श्लेष आहे. 'मे' हे महिन्याचे नाव आणि नायिकेचेही. नाट्यवेडी मे घर सोडून एका उन्हाळी नाट्यसंस्थेत दाखल होते, असा या हलक्याफुलक्या कथेचा धागा होता. न्यूयॉर्कला येण्यापूर्वी इतर शहरांत प्रयोग करून नाटकाची डागडुजी करण्याची तेथे पद्धत आहे. या प्रयोगांच्या काळातच निर्माते मॅक्स गॉर्डन यांना कथेतील गुंडांचे उपकथानक पसंत पडेनासे झाले आणि त्यांनी ते काढून टाकण्याचा आग्रह धरला. कथेला पुढे ढकलणारा भागच निघून गेल्यावर उरलेले नाटक खिळखिळे झाले. संगीत उत्तम, पण संहिता कच्ची, असा एकूण सूर परीक्षणांतून उमटला. मंचसजावट आणि दिग्दर्शनात व्हिन्सेंट मिनेली यांचा मोठा वाटा होता. पुढे 'ॲन अमेरिकन इन पॅरिस' आणि 'जीजी' या चित्रपटांमुळे विख्यात झालेल्या या दिग्दर्शकाचे कौशल्यही नाटकाला तारू शकले नाही.

कर्न यांनी ब्रॉडवेसाठी रचलेले हे अखेरचे नवे नाटक ठरले.

गीतातील भाव

गीताचा आशय थोडक्यात सांगता येईल. प्रेमात पडलेला माणूस आपल्या प्रिय व्यक्तीची तुलना निसर्गातील आणि मनातील सुंदर गोष्टींशी करीत जातो. ऋतू, सांजवेळ, आकाशातील तेज, असे उल्लेख ओळीओळीने येतात. वरकरणी पाहता यात नवीन असे काही नाही. आपल्या संस्कृत काव्यापासून भावगीतापर्यंत उपमांची अशी माळ किती तरी वेळा गुंफली गेली आहे.

वेगळेपण आहे ते शेवटी. या सर्व सुंदर गोष्टी ज्या व्यक्तीत एकवटल्या आहेत, ती व्यक्ती अजून आपली झालेली नाही. ती कधी तरी आपली होईल, ही केवळ आशा आहे. म्हणजे हे मिलनाचे गीत नाही आणि विरहाचेही नाही. ते प्रतीक्षेचे गीत आहे. स्तुती करणारा अजून उंबरठ्यावरच उभा आहे. मिलनाचा आनंद ज्याच्या त्याच्या वाट्याला वेगळा येतो, विरहाचे दुःखही प्रत्येकाचे निराळे. परंतु 'अजून नाही, पण कदाचित' ही अवस्था विशीतील तरुणापासून साठी ओलांडलेल्या गृहस्थापर्यंत प्रत्येकाने अनुभवलेली असते. त्यामुळे हे गीत कोणत्याही एका नायकाच्या किंवा नायिकेच्या मालकीचे राहत नाही.

मूळ नाटकातही ते एका नायक-नायिकेच्या एकांतातील गीत नव्हते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. नाटकातल्या नाटकात, उन्हाळी नाट्यसंस्थेच्या सादरीकरणाचा भाग म्हणून, अनेक गायकांनी मिळून ते गायिले होते. कथेशी त्याचे नाते सैल होते. नाट्यशास्त्राच्या दृष्टीने हा दोष म्हणावा लागेल. परंतु नाटक बुडाले तेव्हा याच सैलपणामुळे गीताला सहज बाहेर पडता आले.

आणखी एक बाब. कर्न यांच्यासोबत काम करताना चाल आधी आणि शब्द नंतर, अशी हॅमरस्टाइन यांची रीत होती. तयार चालीत शब्द बसवणे हे किती अवघड काम आहे, ते आपल्याकडील पदरचना करणाऱ्यांना सांगावयास नको. प्रस्तुत गीतात चाल एका स्वरावर बराच वेळ थांबते आणि मग एकदम वर झेप घेते. त्या दीर्घ स्वरांखाली गायकाला मोकळेपणाने श्वास सोडता येईल असे साधे, नादमधुर शब्द योजण्यात हॅमरस्टाइन यांचे कसब दिसून येते.

बदलत्या षड्जाची किमया

या चालीने संगीतज्ञांना एवढी भुरळ का घालावी, हे समजण्यासाठी थोडे तिच्या रचनेत शिरावे लागेल.

आपल्या संगीतात तानपुरा एकदा जुळला की षड्ज स्थिर होतो. गायक कितीही दूर गेला तरी त्या षड्जाचे भान सुटत नाही. पाश्चात्त्य संगीतात मात्र गाणे चालू असतानाच आधारस्वर बदलण्याची मुभा असते. साधारण लोकप्रिय गीतात असा बदल एखाद-दुसऱ्या वेळी होतो. कर्न यांच्या या गीतात तो वारंवार होतो. अवघ्या ३६ 'बार' मध्ये, म्हणजे चार चार मात्रांच्या ३६ खंडांमध्ये, चाल पाच वेगवेगळ्या स्वरपट्ट्यांत क्षणभर विसावते आणि शेवटी मूळ जागी येऊन पोहोचते. त्या काळच्या गीतांचा ठरलेला साचा ३२ खंडांचा असे. आठ आठ खंडांचे चार भाग. कर्न यांनी शेवटचा भाग बारा खंडांचा केला. दूरवर भटकून आलेल्या चालीला घरी पोहोचण्यासाठी चार पावले अधिक लागली, असेच म्हणता येईल.

एवढी भटकंती होऊनही सामान्य श्रोत्याला कोठे धक्का बसत नाही. याचे कारण असे, की खालचा आधारस्वर बदलत असताना वरची चाल मात्र अत्यंत सुसंगत आहे. गीताच्या पहिल्या भागात मुख्य स्वर बहुतेक वेळा त्या त्या स्वरसंघाचा तिसरा स्वर, म्हणजे आपल्या परिभाषेत गंधार, असतो. कोमल वा शुद्ध गंधार हा स्वर मनाची छटा दाखवणारा. तो ओळीओळीने खालच्या बदलत्या षड्जाबरोबर आपला रंग बदलीत जातो.

यातील सर्वात विलक्षण जागा गीताच्या तिसऱ्या भागाच्या शेवटी येते. तेथे चाल एका दीर्घ स्वरावर स्थिरावते. हा स्वर त्या क्षणीच्या षड्जाचा शुद्ध गंधार असतो. भाव उजळ आणि आश्वस्त. पुढच्याच भागाचा आरंभ पुन्हा नेमक्या त्याच स्वराने होतो. पेटीवर बोट ठेवाल तर पट्टी तीच. परंतु तेवढ्या अवधीत खालचा षड्ज अर्धा स्वर वर सरकलेला असतो आणि म्हणून तोच स्वर आता कोमल गंधार होतो. स्वर बदलला नाही, उंची बदलली नाही. पण उजेड जाऊन सांजवेळ झाली. आपल्याकडे षड्जचालनाने एका रागाच्या स्वरांतून दुसरा राग दाखवण्याचा जो प्रकार जाणकारांना आनंद देतो, त्याच्याशी याचे नाते सांगता येईल. शब्दांतली 'अजून नाही' ही हुरहूर आणि चालीतला हा क्षण एकमेकांना इतके पूरक आहेत, की एकाचे वर्णन करताना दुसऱ्याचे आपोआप होते.

एवढी गुंतागुंत लोकांना झेपेल की नाही, याबद्दल स्वतः कर्न साशंक होते, असे त्यांच्याविषयी लिहिले गेले आहे. ही शंका खोटी ठरण्यास फार वेळ लागला नाही. टॉमी डॉर्सी यांच्या वाद्यवृंदाने जॅक लेनर्ड यांच्या आवाजात आणि आर्टी शॉ यांच्या वाद्यवृंदाने हेलन फॉरेस्ट यांच्या आवाजात काढलेल्या ध्वनिमुद्रिका लोकप्रिय झाल्या. नाटक पाहिलेच नव्हते असे हजारो लोक हे गीत गुणगुणू लागले. १९४४ साली याच नाटकाच्या हक्कांवरून 'ब्रॉडवे ऱ्हिदम' हा चित्रपट निघाला. त्यात मूळ कथा बहुतांशी गळून पडली. हे गीत मात्र राहिले.

त्याच रस्त्यावरून पुढे

ॲल्व्हिन थिएटर न्यूयॉर्कच्या ५२ व्या रस्त्यावर होते. (१९८३ पासून ते नील सायमन थिएटर या नावाने ओळखले जाते.) याच रस्त्यावर पूर्वेच्या दिशेला थोडे चालत गेले, की लहान लहान तळघरांतून चालणारे जॅझ क्लब लागत. १९४० च्या दशकात तेथे डिझी गिलेस्पी आणि चार्ली पार्कर यांच्यासारखे तरुण कृष्णवर्णीय वादक एक नवीनच संगीत घडवीत होते. नृत्यासाठी नव्हे तर ऐकण्यासाठी, वेगवान आणि बुद्धिप्रधान. 'बीबॉप' हे त्याचे नाव.

या वादकांना आपली प्रतिभा आजमावण्यासाठी अवघड वाटांचे गाणे हवे होते. पाच स्वरपट्ट्यांतून फिरणारे कर्न यांचे गीत त्यांना पर्वणीसारखे वाटले असल्यास नवल नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये गिलेस्पी आणि पार्कर यांनी ते ध्वनिमुद्रित केले. आरंभी जोडलेला एक छोटासा गंभीर वाद्यमुखडा इतका प्रसिद्ध झाला, की आजही अनेक वादक तो या गीताचाच भाग समजून वाजवतात. १९४७ मध्ये पार्कर यांनी याच गीताच्या स्वरसंगतीवर 'बर्ड ऑफ पॅराडाइज' ही रचना सादर केली. आपल्याकडे एखादी बंदिश निरनिराळ्या घराण्यांचे गायक निरनिराळ्या प्रकारे मांडतात, मुखडा सांभाळून विस्तार करतात आणि समेवर परततात. जॅझमधील 'स्टँडर्ड' या कल्पनेचे मर्म यापेक्षा फारसे वेगळे नाही.

या प्रवासातील सर्वात बोधप्रद प्रसंग १५ मे १९५३ रोजी कॅनडातील टोरांटो शहरी घडला. मॅसी हॉल या प्रेक्षागृहात पार्कर, गिलेस्पी, पियानोवादक बड पॉवेल, बासवादक चार्ल्स मिंगस आणि तालवादक मॅक्स रोच हे पाच श्रेष्ठ कलावंत एकत्र आले. त्याच संध्याकाळी मुष्टियुद्धाच्या जागतिक अजिंक्यपदाचा सामना होता. लोकांचे लक्ष तिकडे. सभागृह अर्धवट रिकामे राहिले. आयोजकांना ठरलेले मानधन देता आले नाही आणि गिलेस्पी यांना मिळालेला धनादेश वटला नाही, अशी आठवण सांगितली जाते. पार्कर यांनी त्या रात्री प्लास्टिकचा सॅक्सोफोन वाजवला. करारातील अडचणीमुळे ध्वनिमुद्रिकेवर त्यांचे खरे नावही छापता आले नाही. 'चार्ली चॅन' असे टोपणनाव छापावे लागले. व्यवहाराच्या दृष्टीने सर्वच बाजूंनी फसलेली ती संध्याकाळ. परंतु मिंगस यांनी जपलेले तिचे ध्वनिमुद्रण आज जॅझच्या इतिहासातील अमोल ठेवा मानले जाते आणि त्यात 'ऑल द थिंग्ज यू आर' हे गीतही आहे. हे गीत दुसऱ्यांदा तोट्याच्या खात्यातून बाहेर पडून अमर झाले.

कुलूप आणि किल्ली

येथे कर्न यांच्या आयुष्यातील एक जुनी घटना आठवणे उचित होईल. आपल्या गीतांची मोडतोड केलेली त्यांना मुळीच खपत नसे. १९२४ साली 'सिटिंग प्रिटी' हे त्यांचे नाटक आले, तेव्हा जॅझ आणि नृत्याचे वाद्यवृंद चालींची वाट लावतात, या रागापोटी त्यांनी त्या नाटकातील गाणी ध्वनिमुद्रिका आणि नभोवाणीपासून दूर ठेवली. गाणी शुद्ध राहिली, पण लोकांपर्यंत पोहोचलीच नाहीत. नाटक फारसे चालले नाही आणि त्याबरोबर गाणीही विस्मरणात गेली.

पंधरा वर्षांनी आलेले 'ऑल द थिंग्ज यू आर' हे गीत मात्र अशा कोणत्याही बंधनाशिवाय बाहेर पडले. ज्या जॅझ वादकांच्या हाती आपली चाल पडू नये म्हणून कर्न एकदा धडपडले, त्यांनीच या चालीला दीर्घायुष्य दिले. कोणी ती मंद लयीत गायिली, कोणी दुप्पट लयीत वाजवली. १९६३ साली एला फिट्झजेराल्ड यांनी नेल्सन रिडल यांच्या वाद्यवृंदासह कर्न यांच्या निवडक गीतांची ध्वनिमुद्रिका काढली. तीतही या गीताला मानाचे स्थान मिळाले. बँकिंगच्या व्यवसायातील कोणालाही यातील तत्त्व परके वाटणार नाही. तिजोरीत कुलूपबंद ठेवलेले द्रव्य सुरक्षित राहते, पण वाढत नाही. तेच विश्वासाने इतरांच्या हाती सोपवले, फिरते राहिले, की त्याची वृद्धी होते. अर्थात त्यासाठी मूळ द्रव्य खणखणीत असावे लागते. कर्न यांची चाल तशी होती. कितीही हातांतून गेली तरी तिचा कस उतरला नाही.

या प्रवासात मूळ निर्मात्यांचा हक्क नाहीसा झाला नाही, हेही नमूद करावयास हवे. अमेरिकेत १९१४ साली स्थापन झालेल्या 'ॲस्कॅप' या संगीतकार, गीतकार आणि प्रकाशकांच्या संस्थेने सार्वजनिक सादरीकरणावर मानधन वसूल करण्याची व्यवस्था उभी केली होती. अमेरिकन कायद्यानुसार १९३९ सालच्या या गीताचे स्वामित्व २०३४ च्या अखेरपर्यंत अबाधित आहे; १ जानेवारी २०३५ पासून ते तेथे सर्वांचे होईल. ५९ प्रयोगांत संपलेल्या नाटकातील एका गीताने ९५ वर्षे वारसांना उत्पन्न द्यावे, हा हिशेब १९४० च्या जानेवारीत कोणत्याही लेखापालाने मांडला नसता.

मराठी कानाची ओळख

अशा प्रकारची स्वरसंगती मराठी श्रोत्यांच्या कानाला वाटते तेवढी अनोळखी नाही. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला आणि या शहराला अमेरिकन जॅझची प्रत्यक्ष गोडी लागली. हॉटेलांतील या वाद्यवृंदांत पुढे गोमंतकीय वादकांनी आपले स्थान निर्माण केले. पाश्चात्त्य स्वरलेखन वाचता येणारे हे वादक दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात आणि रात्री नृत्यगृहांत वाजवीत. 'चिक चॉकलेट' या नावाने प्रसिद्ध असलेले ट्रम्पेटवादक अँटोनियो झेवियर वाझ हे मराठमोळ्या सी. रामचंद्रांचे सहायक होते. १९५१ च्या 'अलबेला' मधील संगीतातून ती छाया स्पष्ट दिसते. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गीतांना वाद्यवृंदाची भव्यता दिली. तात्पर्य, आपल्या आवडत्या हिंदी चित्रपटगीतांच्या पार्श्वभूमीवर जे सूर एकमेकांत मिसळतात, त्यांचे एक मूळ याच परंपरेत आहे.

अखेरचा हिशेब

५ नोव्हेंबर १९४५ रोजी जेरोम कर्न न्यूयॉर्कच्या रस्त्यात चालता चालता कोसळले. ओळख पटवण्याजोगी एकच वस्तू त्यांच्यापाशी सापडली. ती म्हणजे 'ॲस्कॅप'चे सभासदपत्र. तत्कालीन अमेरिकेतील अग्रगण्य संगीतकाराला प्रथम एका सार्वजनिक रुग्णालयात न्यावे लागले. ११ नोव्हेंबर रोजी अखेरच्या क्षणी हॅमरस्टाइन त्यांच्या उशाशी होते. आपल्या मित्राला आवडणारे, 'म्युझिक इन द एअर' मधील एक गीत त्यांनी त्यांच्या कानाशी हळूच म्हटले. गीत संपण्याच्या सुमारास श्वास थांबला होता.

हॅमरस्टाइन यांचे दिवस तोवर पालटले होते. ३१ मार्च १९४३ रोजी रिचर्ड रॉजर्स यांच्यासोबत त्यांनी आणलेल्या 'ओक्लाहोमा!' या नाटकाचे २,२१२ प्रयोग झाले. या झळाळत्या यशानंतर, जानेवारी १९४४ मध्ये, त्यांनी 'व्हरायटी' या नाट्यव्यवसायाच्या साप्ताहिकात एक जाहिरात दिली. तीत यशाची फुशारकी नव्हती. आपली पडलेली पाच नाटके आणि ती किती आठवडे चालली याची यादी होती. आपण हे पूर्वीही केले आहे आणि पुन्हाही करू शकतो, असा मिस्कील शेरा त्यांनी खाली जोडला होता. त्या यादीत 'व्हेरी वॉर्म फॉर मे' समोर सात आठवडे अशी नोंद होती. माणसाने यशाच्या क्षणी आपल्या तोट्याची वही उघडून दाखवावी, हे मोठेपण दुर्मिळच. पण त्या वहीतही या गीताचे नाव नव्हते. त्याची किंमत त्यांना ठाऊक नव्हती असे नाही. ती अजून पुरती मोजली गेली नव्हती, एवढेच.

ज्या रसिकांना या गीताचा आस्वाद घ्यावासा वाटेल, त्यांनी प्रथम एला फिट्झजेराल्ड यांचे १९६३ चे गायन ऐकावे. शब्द आणि चाल दोन्ही तेथे स्पष्ट कळतात. मग मॅसी हॉलचे ध्वनिमुद्रण लावावे आणि चाल ओळखू येते का, ते पाहावे. दोन्ही वेळा तिसरा भाग संपून चौथा सुरू होतो त्या जागी कान द्यावा. तेथे एक सूर आपल्या जागीच राहतो आणि त्याच्याखालची जमीन तेवढी सरकते. गीताच्या शेवटी चाल घरी परतते. वाट पाहणारा मात्र तेव्हाही उंबरठ्यावरच असतो.